जोडाशेजारचा पत्रा

मराठी समीक्षेने कारागिरांकडून उसने घेतलेले शब्द मोजायला बसावे, तर यादी बरीच लांबते. घडण, घाट, बांधा, पोत, वीण, साचा, जोड, ताण, एकजीव. घाट भांड्याचा, वीण आणि पोत कापडाचा, साचा ओतकाम करणाऱ्याचा. हे शब्द आपण इतकी वर्षे वापरत आलो आहोत, की ते मुळात कुणाच्या हातांतले होते याचा विसर पडावा. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तत्त्वे मांडली, तेव्हापासून कलाकृतीच्या घटकांमधील ओढाताणीविषयी आपण शास्त्रशुद्ध बोलू लागलो. पुढे अमेरिकन नवसमीक्षेच्या वाचनातून 'ताण' हा शब्दही नव्या अर्थाने रुळला. ॲलन टेट यांनी १९३८ साली तर्कशास्त्रातील दोन संज्ञांचे उपसर्ग काढून टाकून तो घडवला होता. म्हणजे हा ताण पूर्णपणे कागदावरचा. त्यात काही ओढले जात नव्हते आणि काही फाटण्याची भीतीही नव्हती.

आम्ही दोघे वसई-विरार परिसरातील एका महाविद्यालयात गेली अनेक वर्षे मराठी शिकवतो. हे शब्द फळ्यावर लिहिणे हा आमचा रोजचा व्यवसाय आहे. ज्या मुलामुलींसमोर आम्ही ते लिहितो त्यांपैकी पुष्कळांच्या घरी हे शब्द दुसऱ्या दाराने आधीच आलेले असतात, ही गोष्ट मात्र आमच्या ध्यानात यायला वेळ लागला. इथे लोहमार्गाच्या पश्चिमेला वाड्या, विहिरी, चर्च, देवळे आणि किल्ला. पूर्वेला महामार्गापर्यंत पसरलेल्या औद्योगिक वसाहती. वालीव, सातिवली, गोखिवरे, गौराईपाडा. वसईचे पर्यटन पश्चिमेचे असते आणि वसईचा पगार पुष्कळसा पूर्वेकडून येतो. त्या वसाहतींतील बरेच गाळे पत्र्याचे काम करतात: भांडी, डबे, कपाटे, विजेच्या पेट्या, यंत्रांची आवरणे. बाहेरून सगळे गाळे सारखेच दिसतात. आत कुठे दणका ऐकू येतो, कुठे घासण्याचा आवाज, कुठे निळसर ठिणग्या.

वसई आणि धातू म्हटले, की मराठी वाचकाला घंटा आठवतात. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर इथल्या चर्चमधील घंटा देशावर गेल्या. एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे, एक वाईजवळ मेणवलीला. पण घंटा ओतीव. ती एकदाच द्रवरूपात साच्यात उतरते आणि नंतर तिला आकार बदलायचा नसतो. वाकवायला गेले तर ती तडकेल आणि तडकली की तिचा आवाज जाईल. पत्र्याची जात वेगळी. पत्र्याला घडताना आणि घडल्यावरही सतत काही ना काही सोसावे लागते. इतिहासाच्या पुस्तकात घंटेला जागा मिळाली, पत्र्याला मिळाली नाही. हे आम्ही तक्रार म्हणून सांगत नाही. ओतीव आणि ओढीव या दोन घडणींतला फरक पुढे उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

हा फरक आम्हांला शिकवला तो आमच्या एका विद्यार्थ्याने. तंत्रनिकेतनातील पदविका अर्धवट सोडून तो कला शाखेत आला होता. दुपारनंतर एका गाळ्यात तपासनिसाचे काम करी आणि सकाळी वर्गात मागच्या बाकावर बसे. एकदा 'काव्यातील ताण' हा विषय चालू असताना त्याने विचारले, "सर, ताण कुणाला? ओढणाऱ्याला, का ओढल्या जाणाऱ्याला?" वर्ग हसला. प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर शोधायला आम्ही दोघे पुढल्या शनिवारी त्याच्याबरोबर पूर्वेला गेलो.

तिथे पाहिले ते असे. पोलादाच्या पातळ पत्र्यातून कापलेली गोल चकती येते. धंद्यात तिला सर्कलच म्हणतात. ती एका कड्यासारख्या डायवर ठेवतात. वरून दुसरे कडे येऊन तिची कड दाबून धरते आणि मधून पंच खाली उतरतो. चकतीचा मध्य खाली जातो, कड आत ओढली जाते आणि क्षणभरात सपाट चकतीचे पातेले होते. बघणाऱ्याला वाटते, पत्रा नुसता वाकला. प्रत्यक्षात तिथे एकाच वेळी दोन विरुद्ध गोष्टी चाललेल्या असतात. कडेचा घेर मोठा असतो आणि त्याला पातेल्याच्या लहान घेरात मावायचे असते, म्हणून कड स्वतःतच दाटते, चेपली जाते. भिंत मात्र ताणली जात असते. कड पुरेशी दाबून धरली नाही तर तिला साडीच्या निऱ्यांसारख्या चुण्या पडतात. फार दाबली तर ती आत सरकत नाही. मग सगळी ओढ भिंतीवर येते आणि पातेले तळाच्या वळणापाशी फाटते, कारण पत्रा तिथेच सर्वांत पातळ झालेला असतो. चुणी आणि चीर यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेने प्रत्येक पातेले जन्माला येते. एका ओढीत चकतीच्या व्यासाचे फार तर निम्म्यापर्यंतचे भांडे काढता येते. त्याहून खोल हवे असेल तर थांबावे लागते, भांडे भट्टीत लालबुंद तापवून त्याचा शीण घालवावा लागतो आणि मग पुन्हा ओढावे लागते.

शीण हा शब्द आमचा नाही, तिथल्या कारागिराचा आहे, आणि तो शास्त्राच्या कसोटीवरही टिकतो. थंड अवस्थेत ओढलेला धातू कठीण होत जातो. त्याच्या स्फटिकांत इतके दोष साठतात, की ते एकमेकांची वाट अडवू लागतात. जितके सोसले तितके आणखी सोसण्याची क्षमता उणावते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. पण दोन घावांमध्ये विसावा लागतो, हे त्या म्हणीत नाही. स्टेनलेस पोलादाच्या बाबतीत तर याचा पुरावा घरबसल्या पाहता येतो. बाजारात भांडे 'अस्सल' आहे का हे पाहायला लोक लोहचुंबक लावतात. चिकटले तर हलके, न चिकटले तर उत्तम, असा समज. पण निकेलयुक्त उत्तम पोलादाची चकती चुंबकाला दाद देत नसली, तरी तिच्यापासून खोल ओढलेल्या भांड्याची कड किंवा वळण थोडेसे दाद देते. ओढीने तिथल्या स्फटिकांची रचनाच बदललेली असते. चुंबकाला तिथे भेसळ नव्हे, त्या पत्र्याने सोसलेले जाणवत असते.

सोसलेले दिसत नाही आणि कधी कधी उशिरा बोलते. निकेल वाचवून मँगनीजवर भागवलेल्या स्वस्त पोलादाचे खोल भांडे यंत्रातून धडधाकट निघते, मांडणीवर ठेवले जाते आणि काही तासांनी किंवा काही दिवसांनी, कुणी हात लावलेला नसताना, कडेपासून खाली उभे चिरत जाते. आत राहिलेला ताण, ओढीने बदललेली घडण आणि पोलादात शिरलेला हायड्रोजन मिळून हे घडवतात. असाच प्रकार ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराने पितळेच्या काडतुसांत पाहिला होता. पावसाळ्यात कोठारांत पडून असलेली काडतुसे तडकत आणि ती पावसाळ्यातच तडकत म्हणून त्या दोषाला इंग्रजीत 'सीझन क्रॅकिंग' असे नाव पडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ साली त्याचा उलगडा केला: ओढकामात पितळेच्या अंगात उरलेला ताण आणि दमट हवेतला अमोनिया. तबेले जवळ असत, अमोनिया तिथून येई. उपाय साधा निघाला: घडवल्यावर काडतूस जरा तापवून अंगातला ताण उतरवायचा. तबेला होताच, पाऊसही होताच. पण मुळात आत ताण नसता तर दोघांनाही काही करता आले नसते.

इथवर एकाच पत्र्याची गोष्ट झाली. आमच्या विद्यार्थ्याचे काम होते जोडलेल्या पत्र्यांचे. कपाटाचे दोन पत्रे एकमेकांवर ठेवून दोन्ही बाजूंनी तांब्याच्या कांड्या दाबतात आणि क्षणाच्या लहानशा अंशापुरता हजारो अँपिअरचा प्रवाह सोडतात. दोन पत्र्यांच्या मध्ये, बाहेरून न दिसणारा, मसुरीच्या दाण्यासारखा धातूचा थेंब वितळून थिजतो. तोच जोड. वरून फक्त एक फिकट खळगा दिसतो. मग जोड चांगला झाला हे कळायचे कसे? तपासनीस नमुन्याची एक जोडपट्टी शिकंज्यात धरतो आणि एक पत्रा दुसऱ्यापासून सोलून काढतो. मसूर मधोमध दुभंगली आणि दोन्ही पत्रे साफ सुटले, तर जोड कच्चा. एका पत्र्याला भोक पडले आणि त्याचा तुकडा बटणासारखा दुसऱ्या पत्र्याला चिकटून राहिला, तर जोड पक्का.

आम्ही ती पट्टी हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिलो. पक्क्या जोडाची व्याख्या अशी, की जोड तुटत नाही. जोडाशेजारचा पत्रा तुटतो. यात कविकल्पना काही नाही. दोन पत्र्यांमधले सगळे ओझे मोजक्या ठिपक्यांतून वाहत असल्यामुळे प्रत्येक ठिपक्याच्या काठाशी ते दाटते. शिवाय जोड करताना लागलेल्या आचेने आसपासच्या पत्र्याची घडण बदललेली असते. ओढून-लाटून कमावलेले काठिण्य नेमके त्या कड्यात उतरते. वर्षानुवर्षे हादरे खाणाऱ्या वस्तूत पहिली तडेची रेघ बहुधा तिथूनच निघते. स्टेनलेस पोलादाला आणखी एक धोका असतो: आच रेंगाळली तर जोडाशेजारच्या पट्ट्याची गंजरोधकता जाते. अमेरिकेत बड कंपनीने १९३४ साली स्टेनलेस पोलादाची 'झेफर' ही आगगाडी काढली ती ठिपक्यांच्या अतिशय झटपट जोडांवर. आच आत शिरण्याआधीच काम संपवायचे, हे तिच्या यशाचे रहस्य होते.

थरांचे शास्त्र याहून मनोरंजक आहे. दोन सारखे पत्रे नुसते एकमेकांवर ठेवले आणि वाकवले, तर ते एका पत्र्याच्या दुप्पट विरोध करतात. तेच दोन पत्रे पूर्ण पृष्ठभागावर एकजीव केले तर विरोध आठपट होतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. एखादे जाड पुस्तक दोन्ही हातांनी वाकवून पाहावे. पाने एकमेकांवरून घसरतात म्हणून ते वाकते. तीच पाने एकमेकांना डकवली तर फळी होईल. सगळा फरक घसरू न देण्याचा आहे. गावोगावच्या छपरांवरचा नालीदार पत्रा, ज्याचे पेटंट लंडनच्या हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ साली घेतले, तोही अशाच युक्तीवर उभा आहे: वाकण्यात मधल्या पातळीला काहीच सोसावे लागत नाही, म्हणून धातू त्या तटस्थ पातळीपासून वर-खाली दूर नेऊन ठेवायचा. तटस्थ राहणाऱ्याच्या अंगावर ओझे येत नाही, हे पदार्थविज्ञानातही खरे आहे.

हल्ली स्वयंपाकघरांत तीन थरांची भांडी आली आहेत. आत स्टेनलेस, मध्ये ॲल्युमिनियम, बाहेर पुन्हा स्टेनलेस. पोलाद टिकाऊ पण उष्णता वाहून नेण्यात मंद. ॲल्युमिनियम त्याच्या दसपटीहून अधिक चपळ पण मऊ आणि आंबटाला न टिकणारे. मधला थर आच पसरवतो, बाहेरचे दोन त्याला सांभाळतात. हे थर चिकटवलेले नसतात. दोन्ही धातूंचे पृष्ठभाग घासून रुळांतून प्रचंड दाबाखाली लाटतात. प्रत्येक धातूच्या अंगावर त्याच्या गंजाची एक अदृश्य साय असते आणि ती असेपर्यंत दोन धातू खऱ्या अर्थाने भेटत नाहीत. लाटण्यात पत्रा लांबतो तशी ती साय तडकते, तिच्या भेगांतून दोन्हीकडचा ताजा धातू वर येतो आणि ताजा ताज्याला भिडतो तिथे बंध होतो. एकत्र यायचे तर दोघांचीही साय तडकावी लागते. एकाचीच तडकून भागत नाही.

आणि थर तीनच का? दोन वेगळ्या धातूंचा दुहेरी पत्रा तापवला तर जास्त प्रसरण पावणारा थर बाहेरच्या बाजूला राहून सगळी पट्टी वाकते. जॉन हॅरिसन यांनी अठराव्या शतकात सागरी घड्याळात हा गुण कामाला लावला. आपल्या इस्त्रीत आच आवरणारी पट्टी त्याच वंशाची. घड्याळाला तो गुण, पातेल्याला मात्र दोष. म्हणून दोन्ही बाजूंना सारखेच थर ठेवून वाकण्याची ओढ सममितीने मारतात. तरीही असे त्रिथरी भांडे दाबून घडवताना तिन्ही थर सारखे ताणत नाहीत. बाहेरचा लांबतो, आतला दाटतो, मऊ थर सरकू पाहतो आणि बंध कच्चा असेल तर थर कडेपाशी सुटू लागतात. दोष कडेला दिसतो. त्याचे कारण आत, सर्वभर असते.

मोटारींच्या कारखान्यांत याच्याही पुढचा प्रयोग होतो. एक जाड आणि एक पातळ पत्रा कडेला कड लावून आधीच जोडतात आणि मग तो जोडपत्रा एकदम दाबून दाराचा आतला भाग घडवतात. बिजागरीपाशी जाड, बाकी पातळ, वजन वाचते. दाबताना काय होते ते सांगताना आमचा विद्यार्थी एकदम गंभीर झाला होता. "मॅडम, जोडाची रेघ जागेवर राहत नाही. ती जाड पत्र्याकडे सरकते. कारण जाड पत्रा जेमतेम ताणतो, सगळं ताणायचं काम पातळ पत्रा करतो. आणि फाटतो तेव्हा तोच फाटतो, जोडाच्या बाजूला, जोडाला समांतर." क्षणभर थांबून तो म्हणाला, "आणि रिपोर्टमध्ये लिहितात: जोड उत्तम."

हे ऐकल्यावर आमच्यासारख्या मराठीच्या अध्यापकांचे मन कुठे जाईल हे सांगायला नको. ते या शहराकडे गेले. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची अनेक गावे जोडून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली. गावांतून तीव्र विरोध झाला, आंदोलने झाली, प्रकरण न्यायालयात गेले. जाड आणि पातळ, ओतीव आणि ओढीव अशा वस्त्या एका रेघेवर जोडल्या गेल्या. सामवेदी आणि वाडवळी बोलणारी घरे, कोळीवाडे, वारली पाडे, गिरणीसंपानंतर गिरगाव-लालबागेतून आलेली मराठी कुटुंबे, उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर. त्याच वर्षी चर्चगेट-विरार मार्गावर पंधरा डब्यांची गाडी सुरू झाली. रेल्वेच्या कागदोपत्री भाषेत मुंबईच्या लोकलमधील गर्दीला एक स्वतंत्र संज्ञा आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड': उभ्या प्रवाशांसाठीच्या एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे. डब्याची लादी आणि भिंत हा भार धरून गणलेली असते. आतल्या माणसांचे गणित कुणी केले आहे, ते आम्हांला कुठल्या संज्ञेत सापडले नाही.

पण रूपक इथेच थांबवले पाहिजे. समाज म्हणजे पत्रा नव्हे. पत्र्याची जाडी ठरलेली असते. कुणाच्या वाट्याला किती जाडी यावी हे समाजात माणसे ठरवतात आणि बदलूही शकतात. पातळ पत्रा फाटला तर तो धातूचा गुणधर्म. पातळ माणूस फाटला तर तो कुणाचा तरी निर्णय असतो. हे आम्हांला पुस्तकातून नव्हे, त्या विद्यार्थ्याच्या घरी कळले.

घर नालासोपाऱ्याच्या पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर. आजोबा लालबागच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि पुढे ते गिरणीत परतले नाहीत. कुटुंब इथे आले. वडील पंचवीस-तीस वर्षे प्रेसवर. "या सर, या मॅडम, बसा," म्हणून त्यांनी चहाचे कप स्वतः आणले. उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट नव्हते. २०११ साली एका गाळ्यात दुपारच्या पाळीला गेले. ते सांगत होते त्यात आवाज चढलेला नव्हता. प्रेसला दोन बटणे होती, दोन्ही हात गुंतल्याशिवाय पंच उतरू नये म्हणून. पण दोन बटणांनी दिवसाचे नग कमी निघत. म्हणून एक बटण कायमचे बांधून ठेवलेले होते. "मीच बांधायचो की," ते म्हणाले. "नगावर पैसे होते."

धोक्याचे यंत्रभाग झाकून ठेवणे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमाने बंधनकारक केले होते. हरियाणातील गुरुग्राम-मानेसर पट्ट्यातील वाहनउद्योगात बोटे गमावणाऱ्यांविषयी 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढत आली आहे आणि त्यांत पॉवर प्रेस हे एक प्रमुख कारण म्हणून पुन्हा पुन्हा येते. पत्रा तिथला असो की इथला, बोटे तशीच जातात. घरी परतल्यावर आम्ही १९२३ च्या भरपाई कायद्याचे पहिले परिशिष्ट काढून वाचले; या गृहस्थांना अपघात झाला तेव्हा तेच लागू होते. त्यात अवयवांचे कोष्टक आहे. संपूर्ण तर्जनी: कमाईच्या क्षमतेतील घट १४ टक्के. संपूर्ण मधले बोट: १२ टक्के. अनामिका किंवा करंगळी: ७ टक्के. आणि त्याच कोष्टकात वेगळी ओळ: एका हाताची दोन बोटे, २० टक्के. चौदा आणि बारा सव्वीस होतात. दोन पत्रे एकजीव झाले तर ताकद दोनाची आठ होते आणि दोन बोटे एकदम गेली तर सव्वीसची वीस. एवढ्या काटेकोर भाषेत लिहिलेला दुसरा कुठलाही मजकूर त्या वर्षी आमच्या वाचनात आला नाही.

आम्ही ते कोष्टक वर्गात वाचून दाखवले. कुणी हसले नाही. मग आम्ही विचारले, हा मजकूर साहित्य का नाही? बरीच चर्चा झाली. एक मुलगी म्हणाली, "यात ताण नाही, मॅडम. ताण वाचणाऱ्याला येतो, पण लिहिणाऱ्याला आलेला दिसत नाही." मागच्या बाकावरून तो म्हणाला, "ताण आहे. फक्त तो शेजारच्या पत्र्यावर टाकलाय." त्या एका वाक्यात 'ताण' या संज्ञेची जी फोड झाली, ती टेटच्या निबंधात नाही आणि आमच्या टिपणांतही नव्हती. ताण हा कलाकृतीचा निव्वळ गुण नव्हे, ती एक वाटणी आहे. कोण ओढतो, कोण ताणला जातो आणि फाटेल तर कुठे फाटेल, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय तो शब्द पुरा होत नाही.

तेव्हापासून आम्ही कविता शिकवताना हे तीन प्रश्न विचारतो आणि त्यांचा उपयोग होतो. कामगारजीवनावरच्या कित्येक रचना आम्हांला नव्याने वाचता आल्या. काहींतला कवी स्वतः पातळ पत्रा होता आणि त्याने फाटण्याची जागा नेमकी दाखवली आहे. काहींत दुसऱ्याचे फाटणे छान घाटात बसवले आहे आणि जोड उत्तम असल्याचा निर्वाळा दिला आहे. दोन्ही प्रकारांना आपण आजवर 'एकजीव रचना' असे एकच प्रशस्तिपत्र देत आलो. एकजीव म्हणजे जिचा जोड दिसत नाही ती, असे आपण समजतो. गाळ्यातील तपासनीस असे समजत नाही. त्याच्या लेखी न दिसणारा जोड हा फक्त न तपासलेला जोड. सोलून पाहिल्याशिवाय तो सही करत नाही. मराठी समीक्षेने कारागिरांचे इतके शब्द घेतले, त्यांबरोबर ही सवयही घ्यायला हरकत नव्हती.

पदवी घेतल्यावर तो विद्यार्थी त्याच गाळ्यात राहिला, आता पूर्णवेळ. तपासणीच्या वहीत त्याने स्वतःहून एक रकाना वाढवला आहे: प्रेसची दोन्ही बटणे चालू आहेत का. मालकाने आधी कुरकुर केली, मग रकाना राहू दिला. वडील आता प्रेसवर जात नाहीत. गाळ्याच्या दाराशी आलेल्या चकत्यांची मोजदाद करतात, डाव्या हाताने लिहितात. गेल्या खेपेला त्यांनी आम्हांला वही दाखवली. अक्षर सुरेख होते. रोज पाळी सुरू होताना त्या रकान्यात ते स्वतः जाऊन बरोबरची खूण करतात आणि खूण करण्याआधी दोन्ही बटणे दाबून पाहतात.